प्राण्यांवर चाचणी नाही

३ तारीख, मंगळवार

साहेबांनी आज माझ्या टेबलावर एक लिपस्टिक ठेवली आणि म्हणाले, “ही आता तुमची.” मी दोन क्षण गारच. मग पाठोपाठ काजळाची डबी, पापण्यांचे रंग, गालांचे रंग असा सगळा संसार मांडला आणि शेवटी वर फाइल ठेवली. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आमची संस्था वस्तूंना पानं देते. एक ते पाच. वस्तू बनवताना माणसांचं, प्राण्यांचं, मातीपाण्याचं काय केलं ते तपासायचं आणि खोक्यावर छापायला तेवढी हिरवी पानं द्यायची. आजवर माझ्याकडे साबण, भिंतींचे रंग आणि संडास धुवायची औषधं असायची. मेकअपमधलं मला ओ की ठो कळत नाही. तोंडाला मी पाण्यापलीकडे काही लावत नाही. तसं म्हटलं, तर साहेब म्हणाले, “म्हणून तर तुम्हाला देतोय. तुम्ही भुलणार नाही.”

कंपनीचं नाव वाचलं आणि सांगितलं, “साहेब, इथे माझी धाकटी जाऊ कामाला आहे.”

“मालकीण आहे का?”

“नाही हो. रंग भरायच्या विभागात आहे.”

“मग झालं तर. माझ्याकडे दुसरं माणूस नाही. बाकी तुमची मर्जी.”

फाइल घेतली. कंपनी छोटी आहे, सगळ्या बायकाच. पाच पानं मिळाली तर एक मोठी दुकानांची साखळी त्यांचा माल ठेवणार आहे आणि मग हंगामी बायकांना कायम करणार आहेत. धाकटी त्यातलीच. म्हणजे तिची भाकरी आणि माझी पेन्सिल एकाच घरात.

संध्याकाळी सगळे जमले तेव्हा जाहीर करून टाकलं. मूल्यांकन संपेपर्यंत या घरात त्या कंपनीचा शब्द निघणार नाही. चांगला नाही, वाईट नाही. माझ्या कानावर काही पडलं तर मला फाइल परत करावी लागेल. धाकटी भांडी पुसत होती. म्हणाली, “ताई, पण मला एक...”

“एक नाही आणि दोन नाही.”

बरं म्हणाली. तिचं एक चांगलं आहे, कधी उलटून बोलत नाही. या घरात आली तेव्हापासून मी जे सांगितलं त्याला बरंच म्हणत आली आहे.

५ तारीख, गुरुवार

दिवसभर कागद. वाटलं होतं त्यापेक्षा हा धंदा घाणेरडा असू शकतो. गालावर जी चमक दिसते ती अभ्रकाची, आणि अभ्रक कुठल्या तरी खाणीतून पोरांच्या हातांनी वर येतं. लाल रंगासाठी किडे चिरडतात. तेलासाठी जंगलं कापतात. हे सगळं ओठांवर फासून माणसं समारंभांना जातात.

ही कंपनी मात्र यातलं काही करत नाही, निदान कागदावर तरी. अभ्रक कारखान्यात बनवलेलं. लाल रंग किड्यांचा नाही. डब्या धातूच्या, रिकाम्या झाल्या की गिऱ्हाईक परत आणतं आणि भरून नेतं. मला इतका गुळगुळीत कागद दिसला की खोट कुठे आहे ते शोधावंसं वाटतं. सोमवारी जाऊन बघणार.

घरी नवीन खूळ. धाकटी भांडी घासताना रबरी हातमोजे घालते. साबण झोंबतो म्हणे. नोकरी लागून वर्ष झालं नाही आणि बाईसाहेबांना साबण सोसेना! मी बोलले नाही. यांना तेवढं सांगितलं. हे म्हणाले, “साबण बदलून बघू.” पुरुषांना सगळ्याला वस्तूचंच औषध सुचतं.

९ तारीख, सोमवार

कारखाना म्हणजे एका जुन्या छापखान्याची जागा. मोठ्या खिडक्या, पांढऱ्या भिंती, मेणाचा वास. मालकीण स्वतः दारात आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं घाईचं. चहा विचारला, मी नाही म्हटलं, त्यांना राग आला नाही. तपासायला येणारे चहा घेत नाहीत हे त्यांना माहीत होतं.

मी सगळं डोळ्यात तेल घालून पाहिलं. मेण वितळवायची भांडी, रंग दळायचं यंत्र, सांडपाण्याची टाकी. बिघडलेली लिपस्टिक फेकत नाहीत, पुन्हा वितळवून गडद रंगात घालतात. बायका शांत, कुणी कुणावर ओरडत नाही. सगळ्यांनी मनगटापर्यंत बाह्यांचे अंगरखे घातलेले. एवढ्या उकाड्यात! स्वच्छतेची इतकी शिस्त मी औषधांच्या कारखान्यातही पाहिलेली नाही. तसं टिपून घेतलं.

धाकटी तिसऱ्या टेबलावर होती. ठरल्याप्रमाणे मी ओळख दाखवली नाही. तिनंही नाही दाखवली. एकदा मान वर करून बघितलं, बस.

“प्राण्यांवर चाचणी?” मी विचारलं.

मालकीणबाई एकदम थांबल्या. म्हणाल्या, “मी आधी एका मोठ्या कंपनीत होते. तिथे सशांच्या डोळ्यांत थेंब टाकायचे. ससा ओरडत नाही हो, नुसता बघत राहतो. मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. माझ्या दारात कुठल्या जनावराला खरचटणारसुद्धा नाही.”

खोटं बोलणारं माणूस मला ओळखता येतं, वीस वर्षं तोच धंदा आहे. या बाई खरं बोलत होत्या.

निघताना मी नेहमीप्रमाणे कचऱ्याचे डबे उपसले. माणूस कागदावर खोटं लिहितो, कचरा लिहीत नाही. कापसाचे बोळे पुष्कळ, आणि गोल चिकटपट्ट्या, जखमेवर लावतात तशा. या पट्ट्या कुजत नाहीत म्हणून अर्धा गुण कापला. उलट प्रथमोपचाराची सोय हाताशी आहे हे दिसलं, म्हणून तिकडे अर्धा दिला. हिशेब चोख.

११ तारीख, बुधवार

धाकटीचे डोळे लाल. उजवा तर सुजलाय. रडलेली दिसते. भावजींचं आणि तिचं काही तरी बिनसलं असणार, त्यांना अलीकडे काम सलग मिळत नाही आणि घरात बसलेला पुरुष म्हणजे पायात काटा. त्यांना गच्चीवर गाठून दोन शब्द सुनावले. ते बघतच राहिले. म्हणाले, “वहिनी, मी काही केलेलं नाही. तिला विचारा ना.”

“विचारायला कशाला हवं? दिसतंय की.”

ते पुढे काही बोलले नाहीत. अपराधी माणूस गप्प बसतो.

१४ तारीख, शनिवार

सकाळी मी कपडे वाळत घालत होते. धाकटी पाठीशी येऊन उभी राहिली. “ताई, पाच मिनिटं आहेत का? कामाचं नाही. म्हणजे कामाचंच आहे, पण माझं आहे.”

मी सरळ हात वर केला. “कामाचं आहे ना? मग अजून चार दिवस थांब.”

“थांबते,” म्हणाली. “पण सोमवारी डोळ्यांचा नवा रंग येतोय.”

“अगं, तेच! नवा रंग येतोय हे मला कळता कामा नये. आता हे मी ऐकलंच नाही असं धरते.”

ती हसली. बहुतेक हसली. पाठमोरी होती.

हे आत बसून ऐकत होते. म्हणाले, “ऐकून तरी घ्यायचंस. घरचं माणूस आहे.” मी म्हटलं, घरचं आहे म्हणूनच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं करायचं असतं तर मी या नोकरीत टिकले नसते. यावर त्यांनी वर्तमानपत्र वर धरलं.

१७ तारीख, मंगळवार

अहवाल दिला. पाच पानं. माझ्या हातून पाच पानं याआधी फक्त एकदा गेली होती, एका झाडू बनवणाऱ्याला. प्राणी या विभागात पैकीच्या पैकी. शेरा लिहिला, “आस्था खरी वाटते.” साहेब म्हणाले, तुमच्याकडून असं वाक्य म्हणजे सोनंच. शुक्रवारी त्यावर शेवटची सही करायची आणि बुधवारी खोकी छापायला जातील.

मन हलकं आहे. धाकटी आता कायम होईल, आणि मी तिला बोट लावून मदत केलेली नाही. दोन्ही गोष्टी एकदम साधल्या.

१८ तारीख, बुधवार

नीट लिहून ठेवते.

संध्याकाळी मी येताना केक आणला. सगळे बसल्यावर म्हटलं, “बोलबंदी उठली! धाकटे, बोल आता काय बोलायचं ते. चार दिवस म्हटलं होतं, चार दिवसांत उठवली.”

धाकटीनं मान वर केली. उजवा डोळा जवळजवळ मिटलेला. तिनं डावी बाही कोपरापर्यंत वर केली आणि हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला, केकच्या शेजारी.

आतल्या बाजूला गोल डाग. काही जुने, तपकिरी पडलेले. काही लाल, दोन-तीन ठिकाणी सालपट निघालेलं. ओळीनं होते. एखादीनं शिस्तीत लावावेत तसे.

“हे काय?”

“माल,” ती म्हणाली. “नवीन घाण निघाला की आमच्या हातावर लावतात, वर पट्टी. डोळ्यांचा असेल तर पापणीवर. दुसऱ्या दिवशी बघतात. कुणाला काही झालं तर रंग बदलतात.”

नवीन घाण म्हणजे एका भांड्यात एका वेळी होणारा माल. एवढं तरी मला कळत होतं.

“जबरदस्ती?”

“छे हो. बाई विचारतात ना. आधी स्वतःच्या हातावर लावतात, मग आमच्यासमोर येऊन विचारतात, ‘चालेल ना गं?’ आम्ही चालेल म्हणतो.”

“आणि नाही म्हटलं तर?”

तिला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. म्हणाली, “नाही कशाला म्हणेल कुणी? हंगामी आहोत.”

भावजी भिंतीकडे बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं. मी त्यांना गच्चीवर झापलं तेव्हाही माहीत होतं. केक तसाच राहिला. मला कचऱ्यातल्या पट्ट्या आठवल्या. त्यांच्यासाठी मी अर्धा गुण दिला होता. शरम वाटली, दुसरा शब्द नाही.

“माझ्याकडे आधी का आली नाहीस?” असं मी विचारलंच. तोंडातून गेलं. हे म्हणाले, “अगं!” एवढंच.

१९ तारीख, गुरुवार

रजा टाकून धाकटीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. पापणीची आतली बाजू सोललेली आहे. बुबुळ अजून वाचलेलं आहे. डॉक्टर म्हणाल्या, “आता डोळ्याला काही लावायचं नाही. पुन्हा असं झालं तर नजरेची खात्री मी देणार नाही.” धाकटी बाहेर आल्यावर म्हणाली, “सोमवारी पुन्हा लावून बघायचंय. या सोमवारचा रंग बदललाय ना बाईंनी.” जसं काही भाजी आणायची आहे!

तिला घरी सोडून मी तशीच कारखान्यात गेले. मालकीणबाईंना नातं सांगितलं आणि स्पष्ट विचारलं. त्या चपापल्या नाहीत. त्यांनी दोन्ही बाह्या सरकावल्या. हात बघवेना. कोपरापासून मनगटापर्यंत कातडं जाड, झाडाच्या सालीसारखं.

“माझ्यावर आधी,” त्या म्हणाल्या. “मी न लावलेलं यांना कधी लावलेलं नाही. सशाला विचारता येत नाही. यांना मी दर वेळी विचारते.”

“कुणी नाही म्हणालं आहे का कधी?”

“नाही ना!” केवढ्या अभिमानानं म्हणाल्या. “आजवर एकीनंही नाही.”

त्यांना खरंच दिसत नाही. मला चिडता येईना. प्रयोगशाळेत का पाठवत नाही, तर तिथे मागच्या दारानं जनावरं वापरतात अशी त्यांना शंका. म्हणजे जनावर वाचावं म्हणून ही सगळी तऱ्हा. करायला गेले गणपती आणि झालं माकड.

घरी धाकटी वाट बघत होती. “ताई, तुम्ही वर सांगणार?”

“सांगायला नको?”

“नका सांगू. पानं गेली तर दुकानं जातील. मग आम्ही सगळ्याच घरी. मला घरी बसायचं नाही हो. इतकी वर्षं बसलेच होते. तिथे मला कुणी धाकटी म्हणत नाही, नावानं हाक मारतात.”

मी तिला कधी नावानं हाक मारलेली नाही. डोळ्याचं काय, असं विचारलं. म्हणाली, दुसरा आहे की. आणि हसली. मला ते हसू मुळीच आवडलं नाही.

२० तारीख, शुक्रवार

साहेबांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग फाइल उघडली.

“प्राण्यांवर नाही, म्हणजे तिथे गुण कापता येत नाही. माणसांच्या विभागात वय, पगार, तास, हवा, प्रथमोपचार. सगळं उत्तम, तुम्हीच लिहिलंय. हातावर रंग लावण्याचा प्रश्न आपल्याकडे आहे का?”

“नाही.”

“मग? प्रश्नच नाही त्याचे गुण कसे कापणार? पुढच्या वर्षी प्रश्न घालू. समितीपुढे मी स्वतः मांडतो.”

मी म्हटलं, बाईचा डोळा जाईल.

“तुमच्या जाऊबाईंचा. वाईट वाटलं ऐकून. पण आता हे बाहेर आलं तर पहिला प्रश्न येईल की जाऊ तिथे असताना तुम्ही फाइल घेतलीत कशी. मला तुमची काळजी आहे.” मग पेन माझ्याकडे सरकवलं. “जबरदस्ती नाही हं. तुमची मर्जी.”

सही केली.

पुढे काही लिहावंसं वाटत नाही.

२३ तारीख, सोमवार

धाकटी कामावर गेली. मी अडवलं नाही. सही केल्याचं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यामुळे सकाळी तिच्याकडे बघणं टाळलं, ती चपला शोधत होती तेव्हा मी न्हाणीघरात होते.

दुपारी कचेरीत फोन आला. मालकीणबाई. आवाज ओळखू येईना.

“तुम्ही तिला काही शिकवलंत का?”

“कुणाला?”

“तुमच्या जावेला. मी नेहमीसारखं विचारलं, चालेल ना गं. तर नाही म्हणाली.”

“मग?”

“मग काय! तिच्या शेजारची म्हणाली, मलाही नको. मग पलीकडची. एकेक करत सगळ्या टेबलांवरून ‘नाही’च ऐकू आलं. एकीनं तर माझ्यासमोर रडून सांगितलं की तिला गेल्या हिवाळ्यापासून रात्रभर खाज सुटते. मला कधी बोलली नाही हो! मी दर वेळी विचारत होते.” मग म्हणाल्या, “मी काय करू आता?”

माझं पद तसं नाही, असं काहीतरी म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी धाकटी आली ती थेट स्वयंपाकघरात. उभ्या उभ्या पाव खात होती. एक संपला, दुसरा घेतला. मी म्हटलं, “अगं, बस तरी.” बसली. पाय हलत होते.

“ताई, मी नाही म्हणाले.”

“कळलं मला.”

“काढून टाकतील का?”

“माहीत नाही.”

“मलाही नाही,” ती म्हणाली. “शनिवारी-रविवारी घरीच ‘नाही’ म्हणून पाहिलं. ह्यांना म्हटलं, चहा करणार नाही. केला त्यांनी! पण बाईंपुढे तोंड कोरडं पडलं हो. आवाज निघेना. दोनदा म्हणावं लागलं.” मग म्हणाली, “तुमच्या सहीचं काय झालं?”

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. “केली.”

तिनं एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. “का?”

या घरात मला का असं कुणी विचारत नाही. तिनं तर कधीच नाही. मी म्हटलं, “साहेब म्हणाले, तुमची मर्जी.”

ती हसत सुटली. तोंडात पाव, डोळ्याला पाणी, ठसका लागला. मी पाठीवर थापटलं. हसू आवरल्यावर म्हणाली, “आमच्या बाईपण अगदी असंच म्हणतात हो ताई.”

मला राग आला. आधी तिचा, मग बराच वेळ कुणाचा ते ठरेना.

२४ तारीख, मंगळवार

साहेब येण्याआधी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. सही मागे घेते म्हटलं. साहेब म्हणाले, बसा. मी बसले नाही, बसले असते तर उठता आलं नसतं. म्हणाले, विचार करून बोला. म्हटलं, केला. म्हणाले, कारण काय लिहू? म्हटलं, लिहा की तपासणारीची जाऊ तिथे आहे आणि तपासणारीनं तिचं ऐकलं नाही. दोन्ही खरं आहे.

“नोकरीवर येईल हे तुमच्या.”

“येईल.”

“माझी विनंती आहे.”

“नाही.”

पहिल्यांदा आवाज बारीक निघाला. मी पुन्हा म्हणाले.

त्यांनी फाइल ओढून घेतली आणि खोक्यांची छपाई थांबवायला फोन लावला. मला बाहेर जायला सांगितलं. पानांचं काय होईल ते ठाऊक नाही, माझं काय होईल तेही नाही. मालकीणबाईंनी आज रंगाचं काम बंद ठेवून सगळ्यांना डॉक्टरांकडे धाडलं म्हणे. दुकानवाले थांबतात की जातात ते उद्या कळेल. धाकटीची नोकरी आज आहे. एवढंच आज सांगता येतं.

घरी आले. भिंत धरून चपला काढल्या. धाकटी दारातच होती. तोंडावरूनच ओळखलं. तिला नावानं हाक मारली. दचकली, मग ओ दिली.

“हात धुऊन या,” म्हणाली. “वाढते. नाही म्हटलं की भूक फार लागते, मला काल लागली होती.”